मिस्टर पंच: जुनी ब्रिटिश व्यंगचित्रं आणि किनाऱ्यावरचा बाहुल्यांचा खेळ (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

1. 'पंच' म्हणजे नेमकं काय? मासिक, बाहुली की पेय?

आधी बाहुली, मग नियतकालिक. इटलीतल्या मुखवट्यांच्या नाटकात पुल्चिनेल्ला नावाचं पात्र होतं. नाक चोचीसारखं, पाठीला कुबड, स्वभाव खादाड आणि खोडकर. इंग्लंडमध्ये त्याचा आधी 'पंचिनेलो' झाला आणि मग नुसता 'पंच'. बाहुली पिढ्यान्‌पिढ्या लोकांच्या ओळखीची झाल्यावर, 1841 मध्ये, तिचं नाव घेऊन लंडनमध्ये एक विनोदी साप्ताहिक निघालं. आपल्याकडे सवयीने त्याला मासिक म्हणतात, पण ते दर आठवड्याला निघत असे.

पेयाशी या पात्राच्या नावाचा संबंध नाही, आणि आपल्या पंचायतीच्या पंचांशीही नाही. हिंदुस्थानात मात्र हा शब्दखेळ आयता हाती लागला आणि अनेक संपादकांनी तो वापरला (प्रश्न 13 पाहा).

2. हा खेळ इंग्लंडमध्ये कधी आला?

सॅम्युएल पेपिस याच्या रोजनिशीत 9 मे 1662 ची नोंद आहे: लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये त्याने इटालियन बाहुल्यांचा खेळ पाहिला आणि तो त्याला फार आवडला. म्हणून हा दिवस पंचचा वाढदिवस मानतात. तिथल्या सेंट पॉल चर्चच्या भिंतीवर तसा लेख कोरलेला आहे, आणि मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी चर्चच्या बागेत पंचवाले जमतात.

पेपिसने पाहिलेली बाहुली वरून हलवली जाणारी, म्हणजे आपल्या कळसूत्री बाहुलीच्या जातीची होती. आज दिसणारी हातात घालायची बाहुली अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. कारण पैशाचं होतं. कळसूत्रीला रंगमंच, मदतनीस, जागेचं भाडं असा सगळा पसारा लागतो. हातातल्या बाहुलीला एक माणूस, एक घडीचा मांडव आणि पैसे गोळा करायला एक जोडीदार पुरतो.

3. मग तो समुद्रकिनाऱ्यावर कसा पोचला?

रेल्वेने. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पंच हा लंडनच्या रस्त्यांवरचा आणि जत्रांमधला खेळ होता. रेल्वे आली तशी कामगार कुटुंबंही एका दिवसासाठी किनाऱ्यावर जाऊ लागली. 1871 च्या कायद्याने बँक हॉलिडेच्या सुट्ट्या मिळाल्या आणि ही गर्दी आणखी वाढली. प्रेक्षक गेले तिथे पंचवाले गेले. वेल्समधल्या लँडडनो इथे कॉडमन घराणं 1860 च्या दशकापासून पिढीजात हा खेळ करत आलं आहे. दक्षिण किनाऱ्यावर वेमथच्या वाळूतही त्याची परंपरा जुनी आहे.

वाळूत आल्यावर खेळही बदलला. समोर मुलं बसू लागली, तशी सैतान आणि फाशीची दृश्यं आखडली आणि मगर व सॉसेजची माळ पुढे आली.

4. गोष्ट काय असते? लिहिलेलं नाटक आहे का?

एकच प्रमाण संहिता नाही. पंचकडे बाळ सोपवून बायको जूडी आत जाते. बाळ रडायचं थांबत नाही म्हणून तो ते फेकून देतो. जूडी दांडा घेऊन येते, मारामारी होते. मग शिपाई, डॉक्टर, विदूषक जोई, मगर असे एकेक येतात. जुन्या खेळात शेवटी जॅक केच हा जल्लाद येतो. फासात मान कशी घालायची ते आपल्याला कळत नाही, जरा करून दाखव, असं पंच त्याला म्हणतो आणि त्यालाच लटकवतो. जॅक केच नावाचा जल्लाद दुसऱ्या चार्ल्स राजाच्या काळात खरोखर होऊन गेला. तो 1686 मध्ये मेला, पण त्याचं नाव बाहुलीत टिकलं.

लिखित रूप पहिल्यांदा 1828 मध्ये छापलं गेलं. जॉन पेन कॉलियर याने जोव्हान्नी पिचिनी या म्हाताऱ्या खेळवाल्याचा प्रयोग उतरवून घेतला आणि जॉर्ज क्रूकशँकने त्याची चित्रं काढली. यातला मजकूर जपून वापरा: कॉलियर पुढे जुन्या कागदपत्रांत बनावट नोंदी घुसवणारा म्हणून बदनाम झाला. क्रूकशँकची चित्रं मात्र प्रत्यक्ष प्रयोग पाहून काढलेली आहेत. बाहुल्यांचे कपडे, मांडवाची घडण यांसाठी तीच जास्त भरवशाची.

5. पात्रं एकामागून एक का येतात? मोठा प्रसंग का नसतो?

कारण हात दोन आहेत. पंच बहुतेक वेळ उजव्या हातात असतो आणि सहसा आत जात नाही. बाकी सगळी पात्रं डाव्या हाताने आळीपाळीने घातली जातात. म्हणजे प्रत्येक प्रसंग 'पंच आणि आणखी एक' एवढाच होऊ शकतो. या एका अडचणीतून खेळाची सगळी रचना घडली आहे. डाव्या हातातलं पात्र मेलं की पुढच्या फळीवर आडवं टाकायचं आणि हात दुसऱ्या बाहुलीसाठी मोकळा करायचा. फळीवर मुडदे साठतात ते त्यामुळे, आणि ते मोजताना जोई पंचला चकवतो तो गमतीचा प्रसंगही त्यातूनच आला.

आत बाहुल्या डोकं खाली करून आकड्यांना टांगलेल्या असतात, येण्याच्या क्रमाने. बाहुलीच्या कापडी घेराचं तोंड वर राहतं, त्यामुळे न बघता हात सरळ आत जातो. क्रम चुकला तर शिपायाऐवजी मगर वर येते आणि पुढचा संवाद बदलावा लागतो. अनुभवी माणूस म्हणूनच खेळानंतर पहिलं काम आकडे लावण्याचं करतो, पैसे मोजायचं नंतर.

6. पंचचा तो चिरका आवाज कसा काढतात?

तोंडात 'स्वॉझल' ठेवून. धातूच्या दोन छोट्या पट्ट्या, साधारण अडीच ते तीन सेंटिमीटर लांब, किंचित बाहेर वाकवलेल्या, आणि मधे ताणून बसवलेली सुती फीत. पट्ट्या एकमेकींवर ठेवून वरून फीत किंवा दोरा गुंडाळून आवळतात. ती जिभेने टाळूला दाबून धरायची आणि श्वास त्यातून सोडायचा. मधली फीत थरथरते आणि आवाज उमटतो. शब्द जीभ आणि ओठांनी घडवायचे. दुसऱ्या पात्राचा संवाद आला की स्वॉझल जिभेने गालात सरकवायची आणि साध्या आवाजात बोलायचं. हे सरकवणंच खरं कौशल्य आहे.

नेहमी बिघडतं ते असं. फीत कोरडी असेल तर आवाजच निघत नाही, म्हणून आधी पाण्यात भिजवतात. फीत सैल झाली की नुसती हवा फुसफुसते. मग सोडून पुन्हा ताणून बांधायची. पट्टीची कड घासलेली नसेल तर जीभ कापते. गिळली जाण्याचा धोका खरा आहे. शिकणाऱ्याने स्वॉझलला दोरा बांधून त्याचं टोक सदऱ्याच्या बटणाला अडकवावं. लहान मुलांच्या हाती ती देऊच नये.

राजस्थानी कठपुतळीवालेही तोंडात बांबूची 'बोली' धरून बाहुलीचा आवाज काढतात आणि ढोलकवाली किंवा ढोलकवाला त्याचा अर्थ प्रेक्षकांना सांगतो. इंग्लंडमध्ये तेच काम दुसरी बाहुली करते: "काय म्हणालास? बाळ खिडकीतून पडलं?" पंचची वाक्यं आखूड असतात आणि समोरचा ती पुन्हा म्हणतो, त्याचं कारण हे. दोन दूरच्या मुलखांतल्या खेळवाल्यांनी एकाच अडचणीवर एकच तोडगा काढावा, यासारखी आनंदाची गोष्ट नाही.

7. खेळवाल्याला 'प्रोफेसर' का म्हणतात?

ही धंद्यातली मानाची पदवी आहे, विद्यापीठाशी संबंध नाही. बाहेर उभा राहून गर्दी जमवणारा, ढोल वाजवणारा आणि पैसे गोळा करणारा तो 'बॉटलर'. टोपी फिरवायची ती खेळ रंगात असताना. शेवट झाल्यावर फिरवली तर निम्मे लोक निघून गेलेले असतात.

8. शाळेत किंवा सोसायटीत असा खेळ करायचा आहे. काय काय लागेल?

पाच-सहा बाहुल्या पुरतात: पंच, जूडी, बाळ, शिपाई, मगर, हवा तर डॉक्टर. जाणकार डोकी लाकडात कोरतात. घरी कागदाच्या लगद्याची चालतील. मानेत पुठ्ठ्याची नळी बसवा, तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत आत जाईल एवढी. अंगठा एका बाहीत, मधलं बोट दुसऱ्या बाहीत. कापडाचा घेर कोपरापर्यंत हवा, नाहीतर हात वर केला की मनगट दिसतं. पंचला पुढे लोंबणारे पायही जोडतात, म्हणजे तो फळीवर बसलेला दिसतो. मगरीचा जबडा लाकडाचा करा. मिटताना तो 'टक्‌' वाजला पाहिजे.

मांडव साधारण एक मीटर चौरस, वर उघडा. प्रेक्षकांकडची फळी तुमच्या डोक्यापेक्षा थोडी उंच आणि निदान दहा सेंटिमीटर रुंद, नाहीतर बाहुल्या तिच्यावर आडव्या राहत नाहीत. दांड्यासाठी दोन पातळ पट्ट्या मुठीपाशी एकत्र बांधून मधे लाकडाची छोटी चीप घाला. मारताना पट्ट्या एकमेकींवर आपटून मोठा आवाज होतो आणि लागत काही नाही. इंग्रजीत मारामारी-धडपडीच्या विनोदाला 'स्लॅपस्टिक' म्हणतात ते या जातीच्या दांड्यावरून.

खेळ वीस ते तीस मिनिटांचा धरतात, पण नवख्याचे हात दहा मिनिटांतच भरून येतात. डोकी जड असतील तर आणखी लवकर. पहिला प्रयोग दहा मिनिटांचाच ठेवा. समुद्राकाठी करणार असाल तर मांडवाच्या चारी पायांना वाळूच्या पिशव्या बांधा. खाऱ्या वाऱ्यात कापडी मांडव शिडासारखा फुगतो.

9. बायकोला आणि बाळाला मारणारं पात्र मुलांना दाखवावं का?

हा प्रश्न जुना आहे. 1849 मध्ये चार्ल्स डिकन्सनेही एका पत्रात यावर मत दिलं होतं: हा खेळ वास्तवाच्या जाचातून अतिशयोक्तीने मिळणारा विसावा आहे, कोणी त्याला वागण्याचा नमुना मानत नाही. मत आमचंही बरंचसं तेच आहे, एका अटीवर. मार लाकडाचा आहे हे दिसलं पाहिजे. बाळ फेकल्यावर ते चिंधीचं गाठोडं आहे हे समोरच्याला कळलं पाहिजे, आणि जूडीचा हातही तेवढाच चालला पाहिजे. ज्या खेळात जूडी नुसती मार खाते तो आम्हाला पाहवत नाही. आज बरेच प्रोफेसर बाळाला शेवटी सुखरूप परत आणतात आणि जल्लाद गाळतात. त्यात परंपरेचा भंग नाही, कारण खेळ प्रत्येक पिढीत बदलत आला आहे (प्रश्न 3 आणि 4 पाहा).

10. 'पंच' साप्ताहिक कोणी काढलं, कधी बंद पडलं?

पहिला अंक 17 जुलै 1841, किंमत तीन पेन्स. हेन्री मेह्यू आणि लाकूडकोरक एबेनेझर लँडेल्स यांच्या पुढाकाराने निघालं, मार्क लेमन संपादक होता. पॅरिसच्या 'शारिव्हारी' या व्यंग्यपत्रावरून त्याचं उपशीर्षक 'लंडन शारिव्हारी' ठेवलं. 1992 मध्ये ते बंद झालं, 1996 मध्ये पुन्हा निघालं आणि 2002 मध्ये कायमचं थांबलं. रिचर्ड डॉयलने 1849 मध्ये काढलेलं मुखपृष्ठ 1956 पर्यंत चाललं. त्यावर पंच आहे आणि शेजारी त्याचा कुत्रा टोबी. टोबी बाहुल्यांच्या खेळातलाच, आणि तिथे पूर्वी खरा कुत्रा गळ्यात झालर घालून फळीवर बसायचा.

11. 'कार्टून' हा शब्द व्यंगचित्राला याच साप्ताहिकाने दिला, हे खरं का?

हो. कार्टून म्हणजे मुळात भित्तिचित्रासाठी जाड कागदावर काढलेला पूर्ण आकाराचा आराखडा. 1843 मध्ये नव्या पार्लमेंटच्या भिंतींसाठी अशा आराखड्यांचं प्रदर्शन भरलं. लंडनमध्ये गरिबी असताना भिंती सजवण्यावर चाललेला हा खर्च पंचला खुपला. 15 जुलै 1843 च्या अंकात जॉन लीचचं चित्र आलं: फाटक्या कपड्यांतले भुकेले लोक भिंतीवरच्या भपकेबाज चित्रांकडे बघत उभे आहेत. वर 'कार्टून क्रमांक 1' असं लिहिलं होतं. टोमणा विरून गेला, शब्द राहिला.

मराठीत आपण व्यंगचित्र, हास्यचित्र आणि अर्कचित्र असे तीन शब्द वापरतो. व्यक्तीच्या चेहऱ्याचा अर्क काढलेलं ते अर्कचित्र. पंचमधल्या पानभर राजकीय चित्रांना व्यंगचित्र आणि घरगुती गमतीच्या चित्रांना हास्यचित्र म्हणणं नेमकं ठरतं.

12. गिलरे, रोलंडसन हेही पंचमध्येच काढायचे का?

नाही, ते आधीच्या पिढीचे. जेम्स गिलरे 1815 मध्ये वारला, टॉमस रोलंडसन 1827 मध्ये. त्यांच्या काळी व्यंगचित्र सुट्या पानावर, तांब्याच्या पत्र्यावर तेजाबाने कोरून छापलं जाई, हाताने रंगवलं जाई आणि दुकानाच्या खिडकीत लावून विकलं जाई. गिलरेचं काम हॅना हम्फ्री या बाईंच्या सेंट जेम्स स्ट्रीटवरच्या दुकानातून निघे.

त्याचं 26 फेब्रुवारी 1805 चं 'प्लम पुडिंग धोक्यात' नीट पाहण्यासारखं आहे. टेबलावर पृथ्वीच्या गोलाएवढं पुडिंग. एका बाजूला काटकुळा पंतप्रधान पिट, दुसऱ्या बाजूला मोठ्या टोपीतला बुटका नेपोलियन. नेपोलियन तलवारीने युरोपचा लचका तोडतोय. पिट समुद्राचा भलामोठा तुकडा कापतोय आणि त्याच्या हातातला काटा त्रिशूळासारखा आहे, म्हणजे समुद्राच्या मालकीची खूण. वाटणी कोणाला किती, हे बातमी न वाचताही समजतं.

पंचमध्ये तंत्र वेगळं होतं. चित्र लाकडी ठोकळ्यावर कोरलं जाई, म्हणजे ते अक्षरांच्या खिळ्यांसोबत एकाच दाबात छापता येई. बॉक्सवुडचं झाड बारीक असतं, मोठा ठोकळा मिळत नाही. म्हणून छोटे तुकडे मागून बोल्टने आवळून एक करत. जुन्या छापांत कधीकधी चित्रातून जाणारी सरळ पांढरी रेघ दिसते, ती या सांध्याची. बुधवारी रात्री जेवणाच्या टेबलावर विषय ठरे, पंचचा चित्रकार जॉन टेनियल गुरुवारी आराखडा करी, शुक्रवारी दिवसभर बसून ठोकळ्यावर चित्र काढी आणि संध्याकाळी तो कोरकाकडे जाई. हे त्याने सुमारे पन्नास वर्षं केलं.

13. हिंदुस्थानशी आणि महाराष्ट्राशी याचा संबंध कुठे येतो?

दोन बाजूंनी. पहिली, चित्रांत आपण कसे दिसतो. 22 ऑगस्ट 1857 च्या अंकात टेनियलने ब्रिटिश सिंह बंगालच्या वाघावर झेप घेताना दाखवला. वाघाखाली एक स्त्री आणि मूल पडलेलं आहे. उठावाच्या बातम्यांनी खवळलेल्या लंडनला सूडासाठी पेटवणारं हे चित्र आहे, आणि ते आपण त्याच नजरेने पाहावं. कारागिरी अस्सल, पण हिंदुस्थान त्यात नुसतं श्वापद आहे. 15 एप्रिल 1876 च्या चित्रात पंतप्रधान डिझरायली अल्लाउद्दीनच्या गोष्टीतल्या फेरीवाल्याच्या वेषात व्हिक्टोरियाला हिंदुस्थानच्या सम्राज्ञीचा मुकुट देऊ करतो: जुन्याच्या बदल्यात नवा. इथे टोला आपल्यावर नसून त्यांच्याच पंतप्रधानावर आहे.

दुसरी बाजू, आपण तो साचा कसा उचलला. मुंबईत 1854 मध्ये 'पारसी पंच' निघालं, पुढे 'हिंदी पंच' आलं. लखनौचं उर्दू 'अवध पंच' 1877 चं. ठाण्याहून 'हिंदू पंच' हे मराठी साप्ताहिक निघे. विसाव्या शतकात आर. के. लक्ष्मण आणि बाळ ठाकरे या दोघांवर लंडनच्या डेव्हिड लो याचा ठसा होता. लो पंचचा नव्हे, दैनिकाचा व्यंगचित्रकार.

बाहुल्यांकडून थेट धागा नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने जपलेल्या कळसूत्री बाहुल्यांची परंपरा स्वतंत्र आहे. तिला 'आपला पंच' म्हणू नये.

14. आमच्याकडे एक जुनं चित्र आहे. ते अस्सल आहे का?

दहापट भिंग घ्या. रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ती आधुनिक छपाई, पुढे तपासायची गरज नाही.

पंचचं पान असेल तर माथ्यावर साप्ताहिकाचं नाव आणि अंकाची तारीख असते. कोपऱ्यात सह्या शोधा: टेनियलची आद्याक्षरं गुंफलेली मुद्रा, लीचची बाटलीतली जळू (त्याच्या आडनावाचा अर्थच जळू), डॉयलचा छोटा पक्षी. 'स्वेन' हे नाव कोरकाचं आहे, चित्रकाराचं नव्हे, ही गल्लत फार होते. पंचचे सहामाही खंड मोठ्या संख्येने बांधले गेले, त्यामुळे सुटं पान अस्सल असूनही दुर्मीळ नसतं.

गिलरेचं असेल तर जास्त सांभाळा. मूळ छापाच्या कडेला तांब्याच्या पत्र्याचा दाब उमटलेला असतो आणि खाली तारीख व प्रकाशकाचं नाव. पण पत्रे नंतर हेन्री बोन या प्रकाशकाकडे गेले आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला त्याने त्यांवरून पुन्हा छापे काढले. ओळ तीच, तारीख तीच, दाबसुद्धा खरा. फरक मागच्या बाजूला कळतो: बोनचे छापे कागदाच्या दोन्ही बाजूंना आहेत आणि बिनरंगी. पुढे कोणीतरी रंगवलेला बोनचा छापा 1805 चा म्हणून विकला जातो. म्हणून चौकटीत बंद चित्र मागची बाजू पाहिल्याशिवाय घेऊ नये. कागद उजेडासमोर धरा. पाणचिन्हात 'व्हॉटमन' हे कागद करणाऱ्याचं नाव आणि साल दिसलं, आणि ते साल चित्राच्या तारखेनंतरचं असलं, तर उत्तर मिळालं.

15. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ती कशी जपायची?

लॅमिनेशन करू नका, ते परत निघत नाही. आम्लमुक्त माउंट वापरा, म्हणजे काच कागदाला टेकणार नाही. टेकली तर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो. बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर टांगू नका, आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे लावून मागे हवा खेळती ठेवा. तपकिरी ठिपके पडले तर घरी ब्लीच लावू नये. हाताने दिलेला रंग आधी जातो, डाग नंतर.

16. ही चित्रं आमच्या अंकात किंवा टी-शर्टवर छापता येतील का?

चित्रकार कधी वारला ते पाहा. भारतात हक्क मृत्यूनंतर 60 वर्षं, ब्रिटनमध्ये 70. टेनियल 1914 मध्ये वारला, दोन्हीकडे मोकळा. पंचचाच बर्नार्ड पार्ट्रिज 1945, तोही मोकळा. पंचमध्येच काढणारा ई. एच. शेपर्ड 1976 मध्ये वारला: त्याचं काम भारतात 2036 अखेर आणि ब्रिटनमध्ये 2046 अखेरपर्यंत संरक्षित आहे. म्हणजे अंक जुना असला तरी चित्र मोकळं असेलच असं नाही.

स्कॅन कुठून घेतला हेही बघा. ब्रिटिश म्युझियम आपल्या संकेतस्थळावरच्या प्रतिमा बिगरव्यापारी वापरासाठी देतं, विक्रीसाठी वेगळी परवानगी लागते. हायडेलबर्ग विद्यापीठाने पंचचे जुने खंड स्कॅन करून ठेवले आहेत. तिथे तारखेनुसार शोधता येतं. बाहुल्यांच्या खेळाची परंपरागत गोष्ट कोणाच्या मालकीची नाही, मात्र एखाद्या हयात प्रोफेसरची छापील संहिता त्याची असते.